आधी नको ते मागावं

सरकारकडून काम कसं काढावं, हे खोडाळ्याच्या कान्हाला विचारावं! निदान कान्हाचं तरी असंच म्हणणं होतं. पाड्याला विहीर मागितली, तर संडासाचे पत्रे आले. उपकेंद्राला नर्स मागितली, तर भिंतींना रंग आला आणि दाराला नवं कुलूप. मग कान्हा शहाणा झाला. गेल्या साली त्यानं अर्जात घरात कुणालाच नको असलेलं शिलाई यंत्र वर लिहिलं, हवी असलेली ताडपत्री खाली, आणि नेमकी ताडपत्रीच पदरात पडली. तेव्हापासून तो पाड्याचा वकीलच झाला. हवं ते कधी वर लिहायचं नाही, हा त्याचा कायदा.

त्याची पोर चंदना बारावी सायन्स झाली होती आणि तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचं होतं. तिची काकी जीपमध्येच, घाटात, बाळंत होताना गेली. चंदना तिचा हात धरून बसली होती, दुसरं काहीच तिला करता आलं नव्हतं. आठवडाभर फोनवर चौकशी करून तिनं कॉलेजांची यादी केली. पहिलं नाशिकचं. तिथं लागूनच मोठं हॉस्पिटल, हॉस्टेल, आणि घरी यायला एसटी. सगळ्यात शेवटी, रकाना भरायचा म्हणून, मराठवाड्याच्या टोकाचं एक खासगी कॉलेज. त्याला हॉस्पिटलच नव्हतं. तिथल्या मुली तीन वर्षं झाली तरी बाहुल्यांनाच सुया टोचत होत्या.

बापलेक मोखाड्याला हरेशच्या सेवा केंद्रात फॉर्म भरायला गेले. चंदना दाखल्याची झेरॉक्स काढायला बाहेर पडली, आणि कान्हानं यादी उलटी करायला लावली. हरेशनं सांगून पाहिलं, की पहिलंच लागलं तर तेच घ्यावं लागतं, नाहीतर प्रवेशातूनच बाहेर. पण ओटीपी कान्हाच्या मोबाइलवर आला होता, आणि ज्याच्या हाती ओटीपी तो पारधी.

"दाब तू बटण," कान्हा म्हणाला. "सरकार पयलं मांगलेलं देत नाय. मी काय आज वळखतो त्याला?"

प्रिंट घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि पोरीला दाखवली नाही.

दहा दिवसांनी मेसेज आला: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. चंदनानं आईला, वेणूला, मिठी मारली, वेणूनं पाड्यात गूळ वाटला. कान्हानं मात्र गूळ तोंडात घातला नाही. मग चंदनानं कॉलेजचं नाव वाचलं.

हरेशनं नाशिकची यादी काढून दाखवली. तिथं शेवटी लागलेल्या मुलीला चंदनापेक्षा अकरा मार्क कमी होते.

प्रवेशाच्या ऑफिसातले साहेब सज्जन होते. "काका, तुम्ही मागितलं तेच दिलंय की," ते म्हणाले. चंदनानं तिथंच बसून अर्ज लिहिला. नाशिक पाहिजे, असं सरळ लिहिलं, खरं ते लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. म्हणजे कान्हाचा कायदा खोटा नव्हता. सरकारनं तो उभ्या जन्मात एकदाच मोडला, आणि तोही त्याच्या पोरीच्या वेळी!

वर्ष सोडलं तर लग्नाची बोलणी सुरू होतील, हे चंदनाला ठाऊक होतं. म्हणून ती निघाली. निघेपर्यंत ती बापाशी एक शब्द बोलली नाही, आणि कान्हाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. एसटी सुटायच्या वेळी तो खिडकीपाशी गेला.

"दिवाळीला येशील ना, पोरी?"

चंदनानं मांडीवरची पिशवी सरळ केली.

"येऊ नको म्हण, बा," ती म्हणाली. "म्हणजे येईन."