बाहुलीचं कामी

बहिणीचा पाय मोडला म्हणून सायोबाई तिच्या गावी धावल्या आणि बाहुल्यांचा सण तोंडावर आलेला असताना घरात एकटे तोकुजी न्हावी उरले. दुकान विकून त्यांना बरीच वर्षं झाली होती. हात थोडा थरथरायचा. कात्री मात्र अजून तेलपाणी करून खणात ठेवलेली असे, न जाणो कुणाला गरज पडली तर. गरज कुणाला पडत नव्हती, हेच तर दुखणं होतं.

टेलिफोन शेजारच्या ओकिनूबाईंकडे होता. तिथे सायोबाईंचा फोन आला.

"अहो, ती बाहुली काढून कोनाड्यात ठेवा. आणि तिचं कामी पुढून फार लोंबतंय, बरं दिसत नाही. जरा सारखं कापून घ्या."

आता आमच्या भाषेत केसांनाही कामी म्हणतात आणि कागदालाही कामी. देवसुद्धा कामीच. कुठला कोणता, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. सायोबाई बोलत होत्या बाहुलीच्या पायाखाली अंथरलेल्या कागदाबद्दल. पण न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे. तोकुजींना केसच ऐकू आले आणि इतक्या वर्षांनी हाती काम आलं म्हणून ते मनातून सुखावलेही.

बाहुली साधीसुधी नव्हती. त्यांची एकुलती लेक चिझुरू जन्मली तेव्हा तिच्यासाठी आणलेली. तांबडा किमोनो, खांद्यापर्यंत काळेभोर केस. चिझुरू सातव्या वर्षी तापानं गेली, बाहुली राहिली. सायोबाई दरवर्षी सणाला ती काढायच्या, तिचं तोंड पुसायच्या, सण झाला की गुंडाळून ठेवायच्या. त्यावर नवराबायको एक शब्द बोलत नसत. तीसेक वर्षं दोघांनी त्या नावाला वळसा घालून संसार केला होता.

तोकुजींनी बाहुलीच्या गळ्याभोवती रुमाल बांधला आणि कामाला लागले. उजवीकडे थोडं जास्त उडालं म्हणून डावीकडे घेतलं. डावीकडे जास्त झालं म्हणून पुन्हा उजवीकडे. सारखं करता करता केस कानांवर आले. कपाळावरची झालर तेवढी त्यांनी शेवटी एका दमात कापली, हात जाईल तशी. मग केर काढला आणि समाधानानं चहा घेतला.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. बोलवायला आलेल्या ओकिनूबाईंची नजर कोनाड्याकडे गेली आणि तिथेच अडकली. पण लोकांच्या घरातलं विचारू नये, म्हणून त्यांनी प्रश्न गिळला. त्यांना तो पचला नाही, हे पुढे कळलंच.

"कापलंत का कामी?" सायोबाईंनी विचारलं.

"कापलं. छान झालंय."

"उरलेलं जपून ठेवा हं. सरकत्या दाराला भोक पडलंय ना, त्याला लावेन म्हणते."

तोकुजींच्या डोळ्यांपुढे दाराच्या भोकाला चिकटवलेले केस आले. मग त्या दाराला कागद लावतात हे आठवलं, आणि बायको कुठलं कामी म्हणत होती ते कळलं.

"झाडून टाकलं," ते कसेबसे म्हणाले.

"तुम्ही पण ना. चांगलं कामी होतं हो. बरं, उद्या दुपारच्या बसनं येतेय."

सायोबाईंनी लेकीची म्हणून जपलेली एकच वस्तू, आणि तिची आपण हजामत केली! तोकुजी तडक आपल्या जुन्या दुकानात गेले. तिथे आता एक तरुण बाई स्त्रियांचे केस कुरळे करत असे. तिच्याकडून त्यांनी एक गंगावन मागून आणलं आणि भाताच्या खळीनं बाहुलीच्या डोक्यावर बसवलं. ते कमरेपर्यंत आलं. पण आता कात्री लावायची त्यांची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकिनूबाई सणाचा गोड भात घेऊन आल्या. काल कानापर्यंत असलेले केस आज कमरेपर्यंत बघून त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि मागच्या पावली परत गेल्या. दुपारपर्यंत दारात बायका जमल्या, हातात बाधा उतरवायचं मीठ. पुढे देवळातले एक म्हातारे भिक्षू.

"तोकुजीभाऊ," ओकिनूबाई हलकेच म्हणाल्या, "लपवू नका. आम्हाला कळलंय."

भिक्षू शेगडीजवळ बाहुलीसमोर बसले. "पोर गेलं, पण त्याचं वाढायचं राहून गेलं," ते म्हणाले. "ते आता वाढतंय. हिला देवळात द्या. मंत्र म्हणून अग्नी देऊ, म्हणजे जीव सुटेल."

तोकुजींना खरं काय ते माहीत होतं, तरी ते बोलणं त्यांच्या काळजात गेलं. पोर वाढती तर आज चाळिशीला टेकली असती. क्षणभर त्यांना वाटलं, खळ आपण लावलीच नाही; हे केस खरंच तिचे आहेत. मग ते भानावर आले. बोलावं तर सायोसमोर तोंड दाखवायला जागा नाही, न बोलावं तर बाहुली जळणार.

"बाहुली कुठे जायची नाही," ते म्हणाले. "कारण असं की, मी—"

तेवढ्यात गाठोडं घेतलेल्या सायोबाई दारात उभ्या राहिल्या आणि तेवढ्यातच शेगडीच्या उबेनं खळ सुटली. अख्खं गंगावन घसरून भिक्षूंच्या मांडीवर पडलं.

बायका मीठ टाकून पळाल्या. भिक्षूंनी गंगावन उचललं, हुंगलं, तोकुजींकडे एकवार पाहिलं आणि ते घडी करून चटईवर ठेवलं. "इथे माझं काम नाही," असं म्हणून ते उठले. रस्त्यावरच्या बायकांनी हे ऐकलं आणि बाहुलीपुढे भिक्षूंनीही हात टेकले, असा त्याचा अर्थ लावला.

"मला वाटलं, केस म्हणालीस," तोकुजी खाली मान घालून म्हणाले.

सायोबाईंनी बाहुली मांडीवर घेतली, उजेडाकडे वळवली आणि कितीतरी वेळ तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"हिला भोवरा नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डावीकडचा भोवरा चिझूला होता. केस उभे राहायचे म्हणून तुम्ही तिथे वर कापायचात. हिला कुठे आहे भोवरा? मग हिचं का असं कापलंत?"

तोकुजींनी पाहिलं. झालर डावीकडे बोटभर वर गेली होती. कापताना त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"हात गेला तसं कापलं," ते म्हणाले.

"तिला मुळीच आवडायचं नाही ते." सायोबाई डोळे पुसत हसल्या. "पोरं चिडवायची, न्हाव्याची लेक आणि वाकडे केस. तुम्हाला मात्र कधी बोलली नाही. घरी येऊन मला बोलायची."

"मला काय माहीत!"

"तुम्हाला कोण सांगणार? बसा, सांगते."

गोड भात तसाच गार झाला. चिझूबद्दल बोलायचं बरंच साचलं होतं.

पुढच्या वर्षी सणाच्या आधी सायोबाईंनी बाहुली काढली, तिच्या गळ्याभोवती रुमाल बांधला आणि हाक मारली, "अहो, कामी कापून घ्या."

"कुठलं?"

"विचारताय काय?"

तोकुजींनी कात्री काढली आणि बाहुलीच्या कानापासून चार बोटं दूर, रिकाम्या हवेत, कच्-कच् चालवली. एक केस पडला नाही. सायोबाई समोर बसून, इकडे थोडं, तिकडे थोडं, असं सांगत होत्या.

कुंपणापलीकडे ओकिनूबाई श्वास रोखून ऐकत होत्या. तेव्हापासून ते दरवर्षीचंच झालं. आता तर बसनं येणारे परगावचे लोकही वाट वाकडी करून येतात आणि तोकुजींना दबक्या आवाजात विचारतात, बाहुलीचे केस खरंच वाढतात का?

"वाढतात तर," तोकुजी म्हणतात. "नाहीतर मी कापतो काय?"