भूलतज्ज्ञ आत्यासाहेबांस बिटकॉइन समजाविल्याची हकीकत

वहिनीसाहेबांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हुकूम फर्माविला की, रविवारी दुपारी थोरल्या वन्संच्या, म्हणजे आत्यासाहेबांच्या, बैठकीच्या खोलीत जे घडले ते साद्यंत लिहावे, मुलाची भीड धरू नये, नवऱ्याची तर मुळीच धरू नये, आणि नातलगांत जी कुजबूज चालली आहे ती या लिखाणाने कायमची बंद पाडावी. हुकूम शिरसावंद्य मानून लेखणी हाती घेतली. जे कानी आले, जे नजरेस पडले, आणि जे लोकांच्या पोटात होते परंतु ओठी आले नाही, ते सर्व येथे रुजू केले आहे. वाचणारांस हसू आल्यास त्यांनी खुशाल हसावे. हसून जाल्यावर आपापला मोबाइल एकवार पाहावा.

ऐसियास, आत्यासाहेब म्हणजे मोठ्या रुग्णालयातील निवृत्त भूलतज्ज्ञ. हयात शस्त्रक्रियागृहात गेली. मोठमोठे मातबर असामी, कारखानदार, वकील, एक माजी मंत्रीदेखील, त्यांच्यासमोर आडवे जाले, आणि शंभरापासून उलटे मोजा ऐसा हुकूम होताच नव्वदी गाठण्यापूर्वी गारद जाले. कापणारे सर्जन लोक कीर्ती घेऊन घरी जात, परंतु ऐन कापाकापीत "हात थांबवा, रक्तदाब उतरतोय" ऐसे दटाविण्याचा अखत्यार यांचा एकट्यांचा. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि कुणाचे ऐकण्याची सवय लावून घेतली नाही. ऐशा ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांस भूल दिली, त्यांसच भूल पाडावयास एक इसम टपला, हा या मोहिमेचा विषय.

मोहिमेचे सरदार त्यांचे भाचे, म्हणजे वहिनीसाहेबांचे चिरंजीव. हे वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या कंपनीत सादरीकरणे करण्याच्या हुद्द्यावर असत, आणि पडद्यावर रंगीत बाण फिरविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्या विषयाचा एक व्हिडिओ पाहावा त्या विषयाचे आचार्य होऊन उठावे, हा त्यांचा स्वभाव. कोणी काही साधे विचारिले, की "आधी बेसिक क्लिअर पाहिजे" ऐसे म्हणोन ते आरंभ करीत, आणि ऐकणारास घरी जाण्याची वाट उरत नसे. सबब घरात त्यांस बेसिकराव ऐसा किताब पडला होता.

या बेसिकरावांनी पूर्वी आत्यासाहेबांकडे जाऊन व्याख्यान दिले की, बँकेत पैसा ठेवणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, शहाण्याने बिटकॉइन घ्यावे. आत्यासाहेबांनी डोळ्यांमुळे गाडी चालविणे सोडले होते आणि गाडी विकून आलेला ऐवज नुसता पडून होता. त्याचे बिटकॉइन जाले. बेसिकरावांनी त्यांच्या फोनात ते ठेवण्याचे ॲप घातले, ॲपने बारा इंग्रजी शब्द दिले ते पाठ करविले, आणि हे शब्द काय आहेत, कशाकरिता आहेत, हे सांगण्याच्या आतच खाली टॅक्सी आली म्हणोन निघोन गेले.

त्याउपरि एके सकाळी ते ॲप उघडेना. आत्यासाहेबांस कोठून तरी मदतीचा एक नंबर मिळाला. कोठून, ते पुढे येईल. त्या नंबरावर सुरक्षा विभागाचे म्हणोन एक अत्यंत सभ्य गृहस्थ भेटले, आणि त्यांनी अर्ज केला की, मॅडम, रविवारी चारच्या सुमारास फोन करतो, ते बारा शब्द तयार ठेवावेत, सर्व सुरळीत होईल. ही गोष्ट आत्यासाहेब वहिनीसाहेबांशी फोनवर गुडघेदुखीच्या ओघात सहज बोलून गेल्या. वहिनीसाहेबांस बिटकॉइन म्हणजे काय याचा गंध नव्हता, परंतु लबाडीचा वास मात्र त्यांस चटकन येई. त्या तशाच आतल्या खोलीत गेल्या. बेसिकराव जेवून आडवे जाले होते.

"ऊठ. तुझ्या आत्याकडे कुणीतरी ते शब्द मागतंय. जाऊन तिला नीट समजावून सांग."

बेसिकराव उठले ते बहुत सावकाश उठले, आणि शब्द द्यावे की न द्यावे यावर काहीच न बोलता म्हणाले की, आधी तिचे बेसिक क्लिअर केले पाहिजे. वहिनीसाहेबांस ही टाळाटाळ खटकली, परंतु वेळ थोडा म्हणोन कूच जाले. गाडी बंधुरावांनी, म्हणजे वहिनीसाहेबांच्या यजमानांनी हाकली. हे आत्यासाहेबांचे धाकटे बंधू, उभय पक्षांत तटस्थ, आणि तटस्थपणा हाच त्यांचा पराक्रम. मागील आसनावर बेसिकराव लॅपटॉपरूपी तोफखाना मांडीवर घेऊन बसले, आणि वाटेने दारूगोळा, म्हणजे सादरीकरणाच्या पडद्यांची सजावट, करीत गेले. इमारतीची लिफ्ट बंद होती. फौज जिने चढोन वर गेली तेव्हा सरदारांस धाप लागली होती, आणि पाहणारांस वाटावे की मोहीम येथेच आटोपली.

आत्यासाहेबांनी दार उघडले, चहा टाकला, आणि भाच्याची धाप पाहोन नाडी धरिली. मग सर्वजण बैठकीच्या खोलीत स्थानापन्न जाले. टीपॉयवर फोन उताणा ठेवला होता. घड्याळात तीन वाजोन गेले होते.

बेसिकरावांनी पहिला पडदा उघडला तो आदिमानवाचा. एक आदिमानव बकरी देतो आणि दुसरा धान्य देतो, येथोन आरंभ जाला. मग कवड्या आल्या, मग सोने आले, मग कागदी नोटा, आणि मग बेसिकराव एका सुलतानाच्या चामड्याच्या नाण्यांत शिरले ते बाहेर येण्याचे चिन्ह दिसेना. वहिनीसाहेबांचे डोळे घड्याळावर आणि बंधुरावांचे मिटलेले. आत्यासाहेबांनी आजवर पुष्कळ निजविले, परंतु औषधावाचून इतक्या जलद निजविणारा त्यांनी पाहिला नव्हता, आणि तसे त्यांनी बोलोन दाखविले. मग हुकूम केला की, सुलतानास घरी पाठवावे आणि बिटकॉइन म्हणजे काय ते सांगावे.

तेव्हा सरदार घसरले ते थेट ब्लॉकचेनवर येऊन आदळले, आणि विकेंद्रीकरण, सहमती, कूटलेखन ऐशा अवघड शब्दांची सरबत्ती सुरू जाली. धूर इतका जाला की खुद्द गोलंदाजास पुढचे दिसेना. आत्यासाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि म्हणाल्या, "मराठीत सांग. हिशेब कोण ठेवतं?"

"सगळे ठेवतात, आत्या. जगभर हजारो कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकाकडे तोच हिशेब. कुणी कुणाला किती दिलं, ते सगळ्यांकडे असतं. एकानं खोटं घुसवलं तर बाकीचे ते मानतच नाहीत."

"म्हणजे आमच्याकडे रक्त टिपायचे गॉज मोजतात तसं. पोट शिवायच्या आधी दोघीजणी वेगवेगळ्या मोजतात. आकडा जुळला नाही की सर्जन कितीही ओरडू दे, शिवायचं नाही."

बेसिकरावांनी पडदे पुढेमागे चाळोन पाहिले, परंतु हे त्यांच्या कोणत्याही पडद्यावर नव्हते. मग त्यांनी मान्य केले की होय, तसेच. आणि येथोन मोहिमेने वेग घेतला. नवी नाणी कोण पाडते, ऐसा सवाल जाला. जबाब आला की, नव्या नोंदी जोडण्याकरिता संगणक आकड्यांचे कोडे सोडवितात, जो आधी सोडवील त्यास नवी नाणी मिळतात. किती पाडणार, ऐसे विचारिले. एकंदर दोन कोटी दहा लाखांवर एकही नाही, ऐसे ठरोन गेले आहे. भाव कोण ठरवितो, ऐसे विचारिले, तेव्हा घेणारे आणि विकणारे ठरवितात, आज चढतो आणि उद्या आपटतो, ऐसे उत्तर आले. त्यावर आत्यासाहेबांनी विचारिले की, आपटतो हे गाडीचे पैसे घालण्यापूर्वी का सांगितले नाही. बेसिकराव म्हणाले, टॅक्सी आली होती. वहिनीसाहेबांनी बशी ऐशी आपटली की बंधुराव जागे जाले.

"बरं, ते बारा शब्द काय आहेत?"

"ती किल्ली. ज्याला ते शब्द माहीत, त्याचे पैसे."

"विसरले तर?"

"गेले."

"दुसऱ्याला कळले आणि त्यानं पळवले तर? परत मागायचे कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. तीच तर गंमत आहे ना, आत्या! मालक नाही, मॅनेजर नाही, ऑफिस नाही, कुणाची परवानगी नाही. कुणीच प्रमुख नाही. हे बेसिक आहे."

हे बोलताना बेसिकरावांची छाती फुगली होती. आत्यासाहेबांनी कप खाली ठेविला. शस्त्रक्रियागृहात पडद्यावरची रेघ वेडीवाकडी होऊ लागे तेव्हा त्यांची मुद्रा जैशी होई तैशी ती जाली, आणि आवाज खाली आला.

"मालक नाही. ऑफिस नाही. कुणीच प्रमुख नाही. मग हा सुरक्षा विभाग कुणाचा रे?"

बेसिकरावांनी घाईने पुढचा पडदा उघडला, परंतु त्यावर याचे बेसिक नव्हते. आत्यासाहेब म्हणाल्या, "आणि तो नंबर मला तूच दिलास. मी फोन केला तेव्हा तू मीटिंगमध्ये होतास. म्हणालास, माझंही ॲप अडकलं होतं, हा माणूस लगेच सोडवतोय."

वहिनीसाहेब काही बोलणार, इतक्यात टीपॉयवरचा फोन वाजला.

आता खरा बाका प्रसंग. वहिनीसाहेबांचा विचार पडला की फोन कापावा. बंधुरावांचा विचार पडला की उचलूच नये. आत्यासाहेबांनी दोघांसही हाताने थोपविले, फोन उचलला, आणि आवाज सर्वांस ऐकू यावा ऐसी तजवीज केली.

"हॅलो मॅडम, सुरक्षा विभागातून बोलतोय. काही टेन्शन घेऊ नका."

"छे हो, टेन्शन कसलं. तुमचीच वाट बघत होते. मराठीत सांगितले शब्द तर चालतील ना? मला तसेच पाठ आहेत."

"चालतील ना, मॅडम. आमच्याकडे सगळ्या भाषा चालतात."

त्या ॲपचे शब्द मराठीत असूच शकत नाहीत, हे बेसिकरावांस पक्के ठाऊक होते. ते कोचात आणखी खोल रुतले.

"बरं. मला कमी ऐकू येतं. एकेक शब्द सांगते, तुम्ही लिहा आणि मोठ्यानं म्हणा, म्हणजे चूक नको."

"बरोबर, मॅडम. सांगा."

"गोड."

"गोड."

"आवाजात. बोलून. म्हाताऱ्या."

"आवाजात... बोलून... म्हाताऱ्या. झालं."

"माणसांचं. आयुष्यभराचं. साठवलेलं."

गृहस्थ इमानाने लिहीत होता. टंकण्याचा खटखटाट येत होता. हाव मोठी, म्हणोन कान लहान जाले होते. वहिनीसाहेबांनी कोचावरची उशी उचलून तोंडात कोंबिली होती.

"लुटून."

"लु... लुटून?"

"हो, र्‍हस्व लु. चारच राहिले, घाई करू नका. खाणारा. चोर. तो. मीच."

"...मीच. झाले बारा."

"आता एकदा सलग वाचून दाखवा बघू."

"गोड आवाजात बोलून म्हाताऱ्या माणसांचं आयुष्यभराचं साठवलेलं लुटून खाणारा... चोर..."

येथे स्वार थबकला. घोडे पुढे जाईना.

"वाचा की. दोनच राहिले," आत्यासाहेब मायेने म्हणाल्या. पलीकडून एक अस्सल शिवी आली, जी येथे लिहीत नाही, आणि फोन बंद पडला. बंधुरावांनी उभे राहोन टाळ्या वाजविल्या. तटस्थपणा त्यांनी सोडला तो प्रथमच.

परंतु हर्षाच्या भरात कोणाचे लक्ष गेले नाही की, बेसिकराव आपला फोन घेऊन खिडकीशी गेले होते. त्याच गृहस्थाने त्यांचेही बारा शब्द घेऊन, दुरुस्तीस थोडा वेळ लागेल, तोवर ॲप उघडू नका, ऐसे त्यांस सांगितले होते, आणि जगास बेसिक शिकविणाऱ्या या सरदारांनी ते मानले होते. आता उघडून पाहिले. बिटकॉइनच्या जागी शून्य होते. स्वतःच्या ठरलेल्या लग्नाकरिता साठविलेले सर्व त्यातच होते, आणि ते घरात कोणासच ठाऊक नव्हते.

"आई," ते म्हणाले, आणि फोन तिच्या हाती देऊन तेथेच आडवे जाले.

वहिनीसाहेबांनी फोन बाजूला ठेविला. त्यांनी मुलाचे डोके मांडीवर घेतले. आत्यासाहेबांनी त्यास कोचावर निजविले, पाय उंच उशीवर ठेविले, नाडी मोजली, आणि म्हणाल्या, "श्वास घे. सोड. मरत नाहीस." मग थोड्या वेळाने, "उद्या सकाळी सायबर पोलिसांकडे जाऊ. मी येते. बोलायचं मी. तू आदिमानवापासून सुरू करशील."

तेव्हा तो हसला की रडला, याविषयी साक्षीदारांत मतभेद आहे.

त्याउपरि तहाचे बोलणे जाले. आत्यासाहेबांनी फर्माविले की, पैसे परत मिळतील ऐसी आशा धरू नये, तक्रार मात्र पुरती करावी, आणि मुलीकडच्यांस खरे काय ते मुलाने आपल्या तोंडाने सांगावे. स्वतःची नाणी त्या, ते बारा शब्द दुसऱ्या ॲपात घालून, विकणार. हा प्रकार वाईट म्हणोन नव्हे, तर जेथे काही बिघडल्यास हाक मारण्यास कोणी नाही, तेथे आपण काम करीत नसतो, म्हणोन.

बंधुरावांनी अर्ज केला की, घराण्याच्या अब्रूखातर हा विजय मुलाच्या नावे लिहावा, कारण समजाविण्यास तो गेला होता आणि आत्यास समजले हे खरेच आहे. वहिनीसाहेबांनी अर्ज नामंजूर केला. सबब येणेप्रमाणे दाखल केले जाते की, वडील माणसास बिटकॉइन समजावून देण्याची मोहीम फत्ते जाली, विजय आत्यासाहेबांचा, आणि समजाविणारास समजले ते त्यांच्यापाठोपाठ, एका सवालाच्या अंतराने, आणि फार महाग.