सोनीआत्याचे कडू कांद

कुणी "देव माझ्याशी बोलला" असं सांगितलं की आमची सोनीआत्या त्याला शांतपणे विचारते, "पाण्यात ठेवलास का?"

नवखा माणूस गोंधळतो. त्याच्यासाठी सांगतो. आमच्या मोखाड्याच्या डोंगरात कडू कांद मिळतो. दिसायला बटाट्याचा थोरला भाऊ. तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोट ढवळतं आणि माणूस दिवसभर भिंत धरून चालतो. म्हणून तो राख घालून उकडायचा, पातळ फोडी करायच्या, टोपलीत भरायच्या आणि टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. कडूपणा पाणी घेऊन जातं. सकाळी उरतं ते मीठ लावून खायचं.

आत्याचं म्हणणं, मनात उठलेल्या आवाजाचंही असंच करायचं. देवाचा असेल तर पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही. आपल्याच पोटातून उठलेला असेल तर सकाळपर्यंत वाहून जातो.

आणि पहिली फोड ती स्वतः खाते. लहानपणी आम्ही पोरं पानं पुढे धरून बसायचो आणि ही एकटीच चावत राहायची, डोळे मिटून, बराच वेळ. मग म्हणायची, "खा रं." मला वाटायचं, आत्या हावरट आहे.

सोनीआत्या माझ्या बापाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. माझ्या घराच्या खाली, ओढ्याच्या काठाला तिचं कुडाचं घर आहे. पक्कं बांधून देतो म्हटलं तर म्हणाली, "पाणी ऐकू येणार नाय." अक्षर ओळखत नाही, पण बायबलातला उतारा एकदा ऐकला की तिच्याकडे राहतो.

मी किसन. खोडाळ्याच्या बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. डोक्यावर बोंबलाची पाटी घेऊन सुरुवात केली, आज दोन जीप दारात आहेत. कुणाच्या बापानं दिलेल्या नाहीत. माझा आवाज मोठा आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, तीही लांब उभी राहून. पोशेऱ्याच्या आमच्या पाड्यावर ख्रिस्ती घरं थोडीच, त्यामुळे रविवारची प्रार्थना माझ्याच ओटीवर होते. सतरंजी माझी, स्पीकर माझा, चहा माझा. अशा माणसाला मंडळीनं वडील नेमावं की नाही? वडील म्हणजे पाळकाच्या खालोखाल मानाची जागा. एका रविवारी मी उभं राहून साक्ष दिली, "प्रभूनं मला सांगितलं आहे, किसन, ही जबाबदारी तू घे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "किसन, पाण्यात ठेव."

तिथंच आहे अजून. ओढा दर उन्हाळ्यात आटतो, पावसाळ्यात भरतो, माझं वडीलपण बाहेर येत नाही.

पण आत्या सगळंच पाण्यात ठेवते असंही नाही. पाळक एकदा म्हणाले, "सोनीबाई, आपल्याला शिव्या देणाऱ्या त्या दारुड्याच्या घरी जावं असं माझ्या मनात येतंय. बायको तापानं पडली आहे त्याची. प्रार्थना करून ठरवू का?"

"यात काय ठरवायचं? भात कुणी ओढ्यात ठेवतं का? पेज घेऊन जा."

मी चिडून म्हणालो, "त्यांना लगेच जा म्हणतेस आणि मला ठेव म्हणतेस?"

"ज्यात आपला फायदा हाय, तेवढंच ठेवायचं असतं."

मी व्यापारी माणूस. माझ्या कुठल्या गोष्टीत फायदा नसतो? म्हणजे मी सगळा संसारच ओढ्यात ठेवायचा का?

एकदा बाहेरून एक मोठे प्रचारक आले. माझ्याच स्पीकरवर ओरडून म्हणाले, "इथे कुणाचा तरी गुडघा दुखतो आहे असं पवित्र आत्मा मला सांगतो आहे!" सगळा पाडा रडायला लागला. आत्या उठून म्हणाली, "बाबा, हा डोंगर हाय. इथं सगळ्यांचेच गुडघे दुखतात. आत्म्याला नाव इचार." प्रचारकांनी पुढचं भजन सुरू केलं. मी तिच्यावर ओरडलो खरा, पण दुसऱ्या दिवशी बाजारात हा किस्सा मीच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला, आणि शेवटी "ती माझी सख्खी आत्या" हे जोडायला विसरलो नाही.

आता माझ्या मुलीची गोष्ट.

माझी रुथ जव्हारला नर्सिंगचं शिकते. दिवाळीच्या आधी सुट्टीत घरी आली होती. त्या दिवसांत दाभोशाचा सुनील नावाचा तरुण आमच्या प्रार्थनेला यायचा. ठाण्याला काम करून परतलेला, गिटार वाजवणारा, बोलण्यात निम्मं हिंदी. एका रविवारी त्यानं मला बाजूला घेतलं. "ब्रदर, प्रभूनं मला दर्शनात रुथ दाखवली. तीच माझी सहचारिणी, असं साफ बोलला."

मला आनंद झाला. पोरगा कामाचा, मंडळीतला आणि मध्यस्थ थेट वरचा. मी घासाघीस न करता होकार देऊन टाकला. आयुष्यात पहिल्यांदा.

रुथला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "देवानंच ठरवलं असेल तर मी काय बोलू, बाबा?" त्या रात्री तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मी म्हटलं, लाजते आहे.

दुसऱ्या दिवशी सुनील सुपारी फोडायचं बोलायला आला, तर आत्या ओटीवर आधीच बसलेली.

"बाला, तुला देव काय बोलला?"

सुनीलनं डोळे मिटून सगळं सांगितलं.

"आणि पोरीला काय बोलला?"

"तिला... ते माहीत नाही, आत्या."

"मंग तिच्याशी कोण बोललं? तू?"

"मी कसा बोलणार? प्रभूनं ठरवलं म्हटल्यावर..."

"म्हणजे पोरीला नाय म्हणायचं असंल तर तिनं देवालाच नाय म्हणायचं? आरं, तिला नाय म्हणाया जागा तरी ठेवायची!"

माझं डोकं फिरलं. "आत्या, माझ्या घरचा सौदा मोडू नकोस!"

"सौदा? तू गिऱ्हाइकाला काय सांगतोस रं किसन? 'भाव मी नाय लावला, भाव वरून आलाय.' मंग गिऱ्हाईक गप. हा पण तसाच बोलतो."

मला जास्तच राग आला, कारण वाक्य माझंच होतं आणि बाजारात चांगलं चालतं.

आत्या सुनीलला म्हणाली, "शेतातली नागली कापून घरात येईपर्यंत पाण्यात ठेव. मंग वाटलं तर ये आणि तुझ्या नावानं इचार. देवाचं नाव पुढं करू नको."

सुनील गिटार न उघडताच गेला. मी संध्याकाळभर ओरडलो. असा मुलगा पुन्हा मिळणार नाही, तो आता फिरकणार नाही, पोरीचं वाटोळं केलंस! आत्या नागलीच्या कणसांवरची पाखरं हाकायला निघून गेली. रुथनं मात्र त्या दिवशी भाकरी मागून घेतली. ते मला दिसलं, पण मी कुणाला बोललो नाही.

नागली कापून, झोडून घरात आली. त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना संपली आणि चढावरून सुनील आला. गिटार नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. रविवारसाठी घरी आलेली रुथ पाणी घेऊन बाहेर आली. त्यानं तांब्या हातात धरूनच ठेवला.

"रुथ, मला तू आवडतेस. हे मीच बोलतोय, मला कुणी सांगितलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर मी दाभोशाला परत जाईन. प्रार्थनेला येईन ते फक्त भजन म्हणायला."

सगळी मंडळी रुथकडे बघायला लागली. तिनं पदर नीट केला आणि हुबेहूब आत्याच्या आवाजात म्हणाली, "पाण्यात ठेवते."

ओटीवर हशा पिकला. सुनीलही हसला, जरा उशिरानं. हसली नाही ती एकटी आत्या. उठली आणि ओढ्याकडे चालू लागली. मला वाटलं, मानापमानाचं काही असेल. जाब विचारायला मी मागे गेलो.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडाला बांधलेली टोपली सोडत होती. माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

"मलाबी एकानं इचारलं व्हतं, किसन. खोडाळ्याच्या बाजारात मीठ इकायचा. स्वतःच्या नावानं इचारलं त्यानं. मी म्हटलं, देव सांगंल तेव्हा बघू."

"मग?"

"देव काय बोलला नाय. मी ऐकत बसले. तो बोलायचाच नव्हता रं. त्यानं माझ्यावरच सोडलं व्हतं." टोपलीतलं पाणी निथळून गेलं. "मला हे कळलं तेव्हा त्या माणसाच्या पोरीचं लगीन व्हतं. मी तिथं भाकऱ्या थापाया गेलते."

मी टोपली घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. स्वतःच डोक्यावर घेऊन चढ चढली. मी मागून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, ही माझी आत्या. हिच्याकडे आता जव्हारहून लोक विचारायला येतात, आणि त्यांना वाटतं हिला हे सगळं नुसतं प्रार्थनेतून मिळालं.

ओटीवर पोचताच तिनं विचारलं, "पोरी, तुला हा आवडतो का?"

रुथनं मान खाली घातली. "हो."

"कधीपासून?"

"गिटार आणायचा तेव्हापासून. पण तेव्हा मला कुणी विचारलंच नाही."

"मंग आता काय पाण्यात ठेवतेस?" आत्या म्हणाली. "काढ."

उभ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. माझं वडीलपण आठवून मी घसा खाकरला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिनं पळसाच्या पानावर फोडी काढल्या, मीठ टाकलं. सुनीलनं हात पुढे केला तर त्याच्या हातावर चापट मारली. पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिली. सगळी ओटी वाट बघत होती. मी लहानपणी बसायचो तसाच पान धरून बसलो होतो.

रुथनं हळूच विचारलं, "कडू लागतो का गं आजी?"

आत्यानं डोळे उघडले. पान त्या दोघांच्या मध्ये सरकवलं.

"व्हता," ती म्हणाली. "आता खा."