मुकुट कुणाच्या डोक्यावर

नोटीस बोर्डावर कागद लागला, त्या दिवशी असेंब्ली लाइनवर वाद झाला तो ओव्हरटाइमवरून. कागदावर लिहिलं होतं, 'फॅमिली डेसाठी प्रत्येक डिपार्टमेंटमधून एक नाईट हवा.' नाईट म्हटल्यावर सगळ्यांना रात्रपाळीच वाटली. सुट्टीच्या दिवशी रात्रपाळी कशाला, आणि केली तर डबल मिळणार का, हे विचारायला काही जण एचआरच्या भाग्यश्रीकडे गेले.

भाग्यश्रीने त्यांना समजावून सांगितलं. हा नाईट म्हणजे परदेशातला जुन्या काळचा चिलखत घातलेला सरदार. तो घोड्यावर बसतो, हातात भाला घेतो आणि समोरून येणाऱ्या सरदाराला खाली पाडतो. भाग्यश्री बरेच दिवस मोबाईलवर किल्ले, ड्रॅगन आणि राजकन्यांच्या मालिका बघत होती, त्यामुळे यंदाची थीम ठरली होती 'राजदरबार'. घोड्यांच्या जागी माल ओढायच्या ट्रॉल्या असणार होत्या. भाले पुठ्ठ्याच्या नळीचे, टोकाला स्पंज. चिलखत खोक्यांचं. सेफ्टी ऑफिसरने हेल्मेट आणि सेफ्टी शूजची अट घातली होती आणि घोडा पळवायचा नाही, चालवायचा, असंही बजावलं होतं.

असेंब्लीतून धनेशचं नाव गेलं. तो उंच होता, आणि नावं द्यायच्या वेळी चहाला गेला होता.

लढाईची धनेशला भीती नव्हती. भीती होती ती नियमावलीतल्या शेवटच्या भागाची. प्रत्येक सरदाराने आपल्या घरच्या स्त्रीचं एखादं वस्त्र दंडावर बांधायचं. जो जिंकेल त्याने फुलांचा मुकुट भाल्याच्या टोकाला अडकवून स्त्रियांच्या रांगेसमोर यायचं, एक गुडघा टेकायचा, मान खाली घालायची आणि आपल्या मनातल्या स्त्रीला मुकुट अर्पण करायचा.

धनेशच्या घरी दोन स्त्रिया होत्या. बायको वर्षाली, चिंचवडची, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. आणि आई गिरजाबाई, भूमकडच्या गावाहून रावेतच्या फ्लॅटवर आलेली. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलत, की धनेशला घरात पाऊल टाकताना मोजूनमापून टाकावं लागे. आई सुनेबद्दल बोलताना 'ती' म्हणे, वर्षाली सासूबद्दल बोलताना 'त्या' म्हणे, आणि दोघींचं सगळं बोलणं धनेशमार्फत होई. आमटीत मीठ कमी झालं तरी निरोप त्याच्याकडे येई.

मुकुटाचं त्याने घाबरतच सांगितलं. वर्षाली भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"मला नको हं. त्यांना द्या. उगाच त्यांना वाटायला नको."

आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या कानावर सगळं गेलेलं होतं.

"मला मेलीला काय करायचाय मुकुट? तिलाच घाल. तिचे हौसेचे दिवस हायेत."

दोघी नको म्हणाल्या. एखाद्याला बरं वाटलं असतं. पण धनेशने दोघींचं 'नको' याआधीही ऐकलं होतं. दिवाळीच्या साडीला आई नको म्हणाली होती, आणि आणली नाही म्हणून भाऊबीजेपर्यंत गप्प होती. वाढदिवसाच्या केकला वर्षाली नको म्हणाली होती, तो तर विषयच त्याला आठवायचा नव्हता. आता यातलं कुणाचं 'नको' खरं, हे शोधण्यात त्याचा आठवडा गेला. लाइनवर काम करतानाही तो मनातल्या मनात दोन्ही 'नको' पुन्हा पुन्हा ऐकून बघत होता.

त्यात भाग्यश्रीने त्याला बाजूला घेतलं. मुकुट कुणालाही द्या, नियम तसाच आहे, असं ती आधी म्हणाली. मग तिने सहज सांगितलं, की प्लांट हेड साहेबांच्या मिसेस येणार आहेत आणि त्या पहिल्या रांगेत मधोमध बसतील. "तुम्ही समजूतदार आहात," एवढं बोलून ती निघून गेली.

धनेश कंपनीत अजून कंत्राटावर होता. त्याला कायम करायचं की नाही, हे साहेबांच्या हातात होतं. म्हणजे मुकुट एक आणि डोकी तीन. त्याने विचार करून करून एकच वाट काढली. पहिल्याच फेरीत हरायचं.

फॅमिली डेच्या सकाळी निघताना वर्षालीने त्याच्या हातात ओढणी ठेवली. ते बघून आईने आपला डोक्याला बांधायचा रुमाल काढून दिला. धनेशने एका दंडाला ओढणी आणि दुसऱ्याला रुमाल बांधला. चाकणला मैदानावर पोचल्यावर मशीन शॉपच्या सनीने त्याला दोन्ही हातांना काय लागलंय, असं विचारलं.

पहिली फेरी याच सनीशी होती. ट्रॉल्या समोरासमोर उभ्या राहिल्या. शिट्टी व्हायच्या आत सनी पुढे वाकला.

"भावा, जरा जोरात ढकल. मी पडतो."

"मीच पडणार होतो रे."

"नाय नाय. माझी बायको आणि सासू दोघी आल्यात. शिवाय साहेबांच्या मॅडम. मला नको ते झंझट."

आता धनेशला कळलं. म्हणजे भाग्यश्रीने सगळ्यांनाच बाजूला घेतलं होतं. शिट्टी झाली. धनेशने पडायचा प्रयत्न केला, पण सनीला सराव असावा. भाला अजून दोन हात लांब असतानाच तो छातीवर हात धरून गवतावर आडवा झाला आणि उठायचं नावच घेईना.

दुसऱ्या फेरीत पेंट शॉपच्या सरदाराच्या हातातून भाला निसटला, आणि मग त्याने उचललाच नाही. त्याच्या बायकोने पहिल्या रांगेतून त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती बघून धनेशला त्याची दया आली.

अंतिम फेरीत समोर स्टोअरचे रंगराव आले, आणि धनेशच्या जिवात जीव आला. रंगराव वर्षअखेरीला रिटायर होणार होते. साहेब त्यांचं काही बिघडवू शकत नव्हते. घरीही बायको इंदुताई एकट्याच. धनेशने जवळ जाऊन त्यांना विनवलं, की काका, तुम्हीच जिंका. रंगराव आनंदाने तयार झाले. इंदुताईंना एवढ्या वर्षांत आपण गजऱ्याखेरीज काही दिलं नाही, असंही ते हळूच म्हणाले.

शिट्टी झाली. धनेशने भाला सैल धरला, एक पाय आधीच ट्रॉलीच्या कडेला आणून ठेवला आणि पडायला जागा बघून ठेवली. पण रंगरावांच्या ट्रॉलीच्या चाकात पॅकिंगची पट्टी अडकली. ट्रॉली जागच्या जागी थांबली, आणि रंगराव झोक जाऊ नये म्हणून सवयीने खाली उतरले. पट्टी काढायला ते वाकलेच होते, तेवढ्यात माईकवरून भाग्यश्रीचा आवाज आला. जो खाली उतरेल तो हरला. विजेते, असेंब्लीचे धनेश.

ढोल वाजायला लागला. कुणीतरी भाल्याच्या टोकाला शेवंतीचा मुकुट अडकवला. ट्रॉली ढकलणारी दोन पोरं त्याला पहिल्या रांगेकडे घेऊन निघाली. हळू घ्या, असं तो दोनदा म्हणाला, पण ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही.

रांगेत आधी वर्षाली, तिच्या शेजारी आई, आणि आईला लागूनच साहेबांच्या मॅडम. तिघीही दुसरीकडेच बघत असल्यासारख्या बसल्या होत्या. धनेशने गुडघा टेकला, नियमाप्रमाणे मान खाली घातली, आणि डोळेही मिटून घेतले. पुढचं त्याने भाल्यावर सोडलं.

भाला बायको आणि आईच्या बरोबर मधे जाऊन थांबला. डोळे मिटलेल्या धनेशला फक्त आवाज ऐकू येत होते.

"घ्या की आई."

"अगं तू घे. माझ्या पांढऱ्या केसांवर काय शोभतंय."

"नाही नाही, तुम्ही मोठ्या."

"म्हणून म्हणते, घे."

मुकुट एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात राहिला. ढोल थांबला. मागच्या रांगा उभ्या राहून बघू लागल्या. शेजारची बाई बिचारी नुसती बघत बसली आहे, हे गिरजाबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मुकुट उचलला आणि मॅडमच्या डोक्यावर ठेवला.

"तुम्ही पावण्या. तुमचा मान."

टाळ्या पडल्या. मॅडमनी वाकून गिरजाबाईंना नमस्कार केला. साहेबांनी धनेशच्या खोक्याच्या चिलखतावर थाप मारली आणि सोमवारी केबिनमध्ये येऊन भेटायला सांगितलं. माईकमागे भाग्यश्रीने डोळे पुसले. धनेश उठला, तेव्हा त्याचं मन हलकं झालं होतं. कुणालाच न दुखावता सगळं पार पडलं होतं.

परतीच्या कंपनी बसमध्ये दोघी एकाच सीटवर बसल्या. हे पहिल्यांदाच घडत होतं. धनेशला पार मागे जागा मिळाली. तिथून त्याला त्या दोघींची डोकी जवळ आलेली दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. रावेत येईपर्यंत त्याचं मन पुन्हा जड झालं.

बसमधून उतरून जिना चढताना वर्षाली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आईंनी एकदा नको म्हटलं, तर पुन्हा विचारायचं असतं."

"तर काय," आई म्हणाली. "आन् ही लाजून मागं सरली, तर तू सोता उठून तिच्या डोक्यावर घालायचास. डोळे मिटून कसला बसलास?"

"पण तुम्ही दोघी तर नको म्हणालात."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. असं बघणं धनेशने घरात कधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही नको म्हणणारच," वर्षाली म्हणाली.

"आमी म्हणनारच," आई म्हणाली.

तो 'आम्ही' ऐकून धनेश जिन्यात थबकला. मग तो दोघींच्या मागून चढू लागला.

घरी गेल्यावर दोघींनी मिळून पिठलं टाकलं. मीठ किती घालायचं हे त्याला कुणी विचारलं नाही. दोघींनी आपापली ताटं वाढून घेतली, टीव्हीसमोर बसल्या आणि रंगरावांच्या इंदुताईंच्या साडीबद्दल बोलू लागल्या. धनेशचं ताट वाढायला कुणी उठलं नाही. तो कढईतलं खरवडून स्वतःच वाढून घेऊन ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवला. आठवडाभरात अन्नाची चव त्याला आत्ता कळत होती.