उशिरा पडणारी टाळी

रेडिओवरची जुनी मैफल ऐकताना व्यंकोबाराव गायकावरच चिडतात. "हा कोंजम गप्प बसला तर माणसं ऐकू येतील की!" म्हणतात आणि हेडफोन कानांवर आणखी दाबतात.

व्यंकोबाराव आमच्या विभागातले सर्वांत वयस्क विद्यार्थी. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि चारचौघांसारखं देवळात जाऊन बसायचं सोडून पीएचडीला बसले. विषय काय, तर रेडिओ-टीव्हीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतले श्रोते. गाणारे नव्हेत, ऐकणारे! विषय ऐकून त्यांच्या गाइडनं कपाळाला हात लावला होता म्हणे.

मी मूळची साताऱ्याची. इकडे तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमच्या आमच्या विभागाच्या संग्रहात जुन्या टेपा संगणकावर उतरवून घेते. मराठी बोलणारं माणूस सापडलं म्हणून त्यांनी माझ्या शेजारचीच खुर्ची पकडली. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी हाक 'अम्मा'. त्यांची मराठी तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. 'थोडं' म्हणायचं असलं की 'कोंजम' म्हणतात आणि 'सगळे' म्हणायचं असलं की 'अस्के'.

"मृदंग एकटा सुरू झाला ना अम्मा, आता खुर्च्या ऐक. अस्के कॅन्टीनला निघाले!"

आणि खरंच खुर्च्या करकरतात. नुसत्या खोकल्यावरून ते डिसेंबरची मैफल ओळखतात. एकदा एका गायिकेच्या ऐन आलापात कुणीतरी सणसणीत शिंकलं, तर स्वारीनं 'वा!' म्हणून मान डोलावली. दाद शिंकेला होती.

गेल्या महिन्यात एक टेप आली. निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेली रेडिओची मैफल. टेप इतकी जीर्ण की एकदा उतरवली की संपलीच. खरखर, खोकले सगळं साफ करून एकच प्रत ठेवायची, असा साहेबांचा हुकूम होता.

गाण्याबरोबर कुणा बाईच्या बांगड्या वाजत होत्या. इथले श्रोते मांडीवर हात मारून ताल धरतातच, पण या बाईची टाळी दर वेळी उशिरा पडायची. वैतागून मी बांगड्या पुसायला घेतल्या, तोच व्यंकोबारावांनी माझा माउस धरला.

"त्या नको काढू, अम्मा. जलजा आहे ती."

जलजा म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली, एवढं मला माहीत होतं.

"ऐक, आता थांबतील," ते म्हणाले. बांगड्या थांबल्या. "मी हात धरला तिचा."

"अय्या, सगळ्यांसमोर?" मी चिडवलं.

"ताल चुकत होता म्हणून. लाज वाटली मला." ते पडद्याकडेच बघत होते. "त्यानंतर मैफलीत ती हात बांधून बसायची. वाटलं, मी कचेरीत असताना कधी एकटी गेली असेल, धरला असेल ताल. अस्क्या टेपा ऐकल्या. कुठेच नाही. एवढीच आहे."

मी पुसायचं सोडून दिलं. साहेबांना काय सांगायचं ते सांगू, म्हटलं, आणि मैफल होती तशी, बांगड्यांसकट जतन केली.

मग आम्ही ती पहिल्यापासून लावली. व्यंकोबारावांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. आयुष्यभर तालाला पक्का असलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांची प्रत्येक टाळी जलजाबाईंबरोबर, उशिरा पडत होती. बांगड्या थांबल्या, तरी त्यांचा हात थांबला नाही.