फालक नानांची भरीत-मुलाखत

लग्नाच्या पंगतीला बसण्याआधी फालक नाना करंगळी तोंडात घालून ओली करायचे आणि चारचौघांत ती वर धरून वारा कुठून येतोय ते बघायचे. मग आचाऱ्याची भट्टी कुठे आहे ते बघायचे. मग यजमानांनी मांडलेला पाट उचलून आपल्या मनाने दुसरीकडे ठेवायचे. एकदा तर त्यांनी नवरदेवाच्या मामालाच पाटावरून उठवलं. मामा भडकले, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "धुराले मामा-काका समजत नाही भो. वारा पाहून बसायचं. विषय संपला."

'विषय संपला' हे त्यांचं लाडकं वाक्य. विषय संपल्यावर ते साधारण अर्धा तास त्याच विषयावर बोलत.

भुसावळजवळच्या आमच्या कारखान्यात नाना प्रदूषण नियंत्रण विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे नाना, एक टायपिस्ट आणि हवेचे नमुने घेणारं यंत्र. यंत्र बहुतेक वेळा दुरुस्तीला गेलेलं असे, त्यामुळे नानांच्या करंगळीला पर्याय नव्हता. मी मूळचा धुळ्याचा, या कारखान्यात कार्मिक अधिकारी म्हणून नवा लागलो होतो. नव्वदच्या पुढची वर्षं. पर्यावरण हा शब्द तोवर शाळेतल्या निबंधातच दिसायचा. आता विद्यापीठात त्याची एम. एस्सी. निघाली होती आणि शेवटच्या सत्रात सहा महिने एखाद्या कारखान्यात काम केल्याशिवाय डिग्री मिळत नव्हती. आमच्याकडे जागा एकच. दर हिवाळ्यात पाच-सहा उमेदवार टाय बांधून येत, आणि मी त्यांना जीपमध्ये घालून नानांच्या शेतावर नेत असे.

कारण नाना मुलाखत घेत ती भरिताच्या पार्टीत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. थंडी पडली की आमच्याकडे माणसं शेतात जमतात, कपाशीच्या वाळक्या काड्या लांबलचक पसरून पेटवतात आणि त्यावर हातभर वांगी भाजतात. मग ती मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात घालायची आणि केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी खायची. ज्याने हे खाल्लं नाही त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

पहिल्या वर्षी मी हरकत घेतली होती. "नाना, मुलाखत कार्यालयात घ्यायची असते."

"नियमात भरीत नको असं लिहेल आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग विषय संपला. अहो, खुर्चीवर पोरगं पाठ केलेलं बोलते. जाळापाशी बसलं का खरं समजते." आणि पुढचा अर्धा तास ते खुर्च्यांवर बोलले.

उमेदवारांना ते अभ्यासातलं काहीच विचारत नसत. नुसते बघत. जेवण झालं की हात पुसत आणि एक नाव घेत. मी दुसऱ्या दिवशी तक्त्यात 'विषयज्ञान उत्तम' असं लिहून टाकी. गंमत म्हणजे निवड कधी चुकली नाही. नानांनी घेतलेली मुलं राखेच्या ढिगावर चढत, नाल्यात उतरत आणि कुरकुर न करता परत येत.

आता परीक्षा म्हटली की गाईड निघणारच. दोन-तीन वर्षांत विद्यापीठाच्या हॉस्टेलवर शोध लागला की नाना फक्त एकच गोष्ट बघतात: कोण वाऱ्याकडे पाठ करून बसतो. जो धुरात बसला तो गेला. करंगळीचा लौकिक पाहता कोणालाही हेच पटलं असतं. मलाही पटलं होतं.

त्या वर्षी पाच जण आले. चार मुलं आणि सुनंदा इंगळे नावाची एक मुलगी. वडील भुसावळला रेल्वेत फिटर. जीपमध्ये ती पुढे माझ्याशेजारी बसली होती. दोन कारखान्यांनी तिला परत पाठवलं होतं. मुलींसाठी सोय नाही, चिमणीवर चढायचं काम मुलींचं नाही, असं सांगून.

"भाऊ, ह्या पोरांना नाशिक, बडोदा कुठंही जाता येईल," ती म्हणाली. "माझं इथं नाही झालं तर डिग्री लटकली."

"निवड गुणवत्तेवर होईल," मी म्हणालो आणि मागच्या वांग्यांच्या टोपलीवर हात ठेवला.

शेतावर जाळ पेटला आणि पाच करंगळ्या एकदम वर गेल्या. पुढच्याच क्षणी पाचही जण वाऱ्याकडे पाठ करून एका रांगेत बसले, मांडी घालून, पंगतीला बसावेत तसे. नाना आधीच तिथे बसले होते. मीही सरकून घेतलं. जाळाच्या पलीकडे चिटपाखरू नव्हतं.

एकाने धुरातल्या कणांवर बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याने भरितासाठी छोटी चिमणी बांधण्याची योजना मांडली. नाना हूं हूं करत होते. इकडे वाऱ्याने जाळ पलीकडे झुकला होता आणि पलीकडची वांगी करपायला लागली होती. सर्वांना वास येत होता. उठत कोणी नव्हतं.

सुनंदा अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. तिने नानांकडे पाहिलं. नाना जाळाकडे पाहत होते. मग ती "जाऊ द्या" असं काहीतरी पुटपुटली, नाकाला ओढणी बांधली, काठी घेतली आणि वळसा घालून थेट धुरात शिरली.

"मॅडम, बाजू चुकली," चिमणीवाला हसून म्हणाला.

"मग वांगी कोण पाहील?" ती खोकत म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी शेवटचं वांगं उलटेपर्यंत ती हलली नाही. मी मनातल्या मनात तिच्या नावापुढे फुली मारली आणि मला फार वाईट वाटलं.

विहिरीवर डोळे धुताना ती मला म्हणाली, "घालवलं भाऊ मी. माझ्या हातानं."

जेवणं झाली. नानांनी हात पुसले. "इंगळे," ते म्हणाले. "विषय संपला."

आणि त्या दिवशी विषय खरोखरच संपला. चिमणीवाला म्हणाला, "सर, पण ती तर धुरात..." नाना उठून निखाऱ्यांवर पाणी ओतायला गेले.

मंडळी जीपकडे निघाली तेव्हा मी मागे राहिलो. "नाना, तुम्ही वारा बघता ना?"

"वारा मी माझ्यासाठी पाहतो," नाना म्हणाले. "तिकडं आमच्या घरची बसे. लग्न झालं तवापासून. मी इकडं बसून गप्पा झोडे, ती तिकडं पदर नाकाले लावून वांगी उलटे. मले एक दिवस नाही सुचलं का बाई, तू ये इकडं, मी बसतो तिकडं." त्यांनी उरलेलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. "आता ती नाही तर ती बाजू लय रिकामी दिसते भो. दरसाल पाहतो, कोणी जाते का तिकडं. निदान वळून पाहते का. जे पाहते ते पोरगं घेतो. उठून आज पहिल्यांदा कोणी गेलं."

नाना एकटे राहतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यांची बायको मी यायच्या आधीच वारली होती, आणि कारखान्याच्या कॉलनीत तिचं नाव त्यांनी कोणाजवळ काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात नवे उमेदवार घेऊन मी शेतावर गेलो. सुनंदाही आली होती, डिग्रीचे पेढे घेऊन. नानांनी नेहमीप्रमाणे करंगळी वर धरली, वारा पाहिला, वाऱ्याच्या बाजूची सगळ्यात चांगली जागा हेरली आणि घरून आणलेला पाट तिथे नीट मांडला. मग काठी उचलून स्वतः पलीकडे, धुरात जाऊन बसले.

एक टायवाला मुलगा हुशारीने त्या पाटाकडे वळला.

"तिथं नको," नाना धुरातून खोकत म्हणाले. "ती जागा भरलेली आहे."

मुलगा गोंधळून रिकाम्या पाटाकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागला. सुनंदाने ओढणी नाकाला बांधली आणि ती नानांच्या शेजारी जाऊन बसली. मीही माझं पान उचललं आणि तिकडेच गेलो.