हा मंत्री कुणाचा?

कुणाचंही नाव सांगा, गावडे सर आधी विचारत, "पण ह्यो कुणाचा?" एका लग्नात बँडवाल्यालाही त्यांनी विचारलं होतं, मुलीकडचा की मुलाकडचा.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत, आमच्या माडीवर राहत आणि जेवत आमच्यातच. मूळचे चंदगडचे, एकटे. ज्या देशांत राष्ट्राध्यक्षच सरकार चालवतो, तिथं तो मंत्री कुठूनही उचलून आणतो. मग तो मंत्री अध्यक्षाच्या पक्षाचा किती, हे मोजायचं वेड सरांना लागलं होतं. लायब्ररीतल्या जुन्या परदेशी वर्तमानपत्रांतून नावं काढायची, प्रत्येकाचं कार्ड करायचं आणि नातं ठरवायचं: सख्खा, चुलत, सोयरा, पावणा. पक्षात हयात घालवलेला तो सख्खा; कुठल्याच पक्षाचा नसलेला तो पावणा.

दुपारी गच्चीवर माझ्या सांडग्यांशेजारी ही कार्डं मांडलेली असत. सर ती लांबलचक नावं हळूहळू वाचत. मी सांडगे राखत पेंगायची, आणि वर्तमानपत्रांतल्या फोटोंतले ते टोपीवाले मंत्री रंकाळा तळ्याच्या काठानं आमच्याच घराकडे चालत येताहेत असं वाटायचं. फार बरं वाटायचं, खरं सांगते.

दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देणाऱ्या गवळ्यालाही सरांनी हे समजावलं. तो म्हणाला, "पर सर, त्याला वैरण कोन घालतंय?" सरांनी घरी येऊन सगळ्या कार्डांवर 'वैरण' असा नवा रकाना आखला. दोन महिने त्यात गेले.

माझे सासरे, आबा, पहिल्या दिवशी त्यांना "या पावणं" म्हणाले, ते सोळा वर्षं पावणंच म्हणत राहिले.

सर रिटायर झाले आणि चंदगडला निघाले. तिथलं घर पुतण्यांनी वाटून घेतलेलं. राहणार कुठं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुमची जागा अडवायला नको, एवढंच म्हणत. खोके बांधताना एक कार्ड माझ्या हाती लागलं. देश: हे घर. अध्यक्ष: आबा. नाव: विष्णू गावडे. वैरण: इथलीच. नात्यापुढं पेन्सिलीनं 'पावणा' लिहून खोडलेलं, पुन्हा तेच लिहिलेलं. खोडून खोडून कागद विरला होता.

मी ते आबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "सोळा वर्सं ऱ्हायलेल्या मानसाला कोन पावणा म्हनतंय?"

"तुमीच म्हणताय की," ट्रंकेला दोरी बांधता बांधता सर म्हणाले.

आबांनी चष्मा काढून ठेवला. मग पहिल्यांदाच त्यांनी सरांना नावानं हाक मारली.

"विष्णू, त्या ट्रंकेची दोरी सोड."

सर कार्डाकडं बघत उभे राहिले. मग खोडरबर आत गेलाय म्हणाले, आणि तो काढायला ट्रंकेपाशी बसले.